गाठीवाचून येणारा स्तनाचा कर्करोग



वसंत व्याख्यानमालेत कामगार संघटनेचा माणूस बोलायला उभा राहिला की तो बोनस, महागाई किंवा नवे कामगार कायदे यांवर बोलणार, अशी श्रोत्यांची अपेक्षा असते. मी आज एका आजाराविषयी बोलणार आहे. मी डॉक्टर नव्हे. माझे शाळेतले शिक्षण सातवीला थांबले. पुढचे जे काही झाले ते सार्वजनिक वाचनालयात आणि संघटनेच्या कचेरीत झाले. तेव्हा कोणते औषध घ्यावे हे सांगण्याचा मला अधिकार नाही, आणि मी ते सांगणारही नाही. परंतु आजारी पडलेल्या कष्टकरी स्त्रीचे दिवस कोठे आणि कसे खर्ची पडतात, हे माझ्या कामानेच मला शिकविले आहे. आणि ज्या आजाराविषयी मी बोलणार आहे, त्यात सारा हिशेब दिवसांचाच आहे.

स्तनाचा कर्करोग म्हटला की आपल्या मनात पहिली गोष्ट येते ती गाठ. यात काही चूक नाही. भारतात २०२२ या एका वर्षात सुमारे १ लाख ९२ हजार स्त्रियांना हा रोग नव्याने झाला आणि सुमारे ९८ हजार स्त्रिया त्याने दगावल्या, असा जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेचा अंदाज आहे. यांतील बहुसंख्य स्त्रियांच्या बाबतीत रोगाची पहिली खूण गाठ हीच असते. म्हणून दवाखान्यांच्या भिंतींवर 'गाठ लागते का पाहा' असे लिहिलेले असते, ते योग्यच आहे. पण या सांगण्यातून एक उलटा अर्थही लोकांच्या मनात आपोआप रुजतो. तो असा, की गाठ लागत नाही, त्या अर्थी कर्करोग नाही. हा उलटा अर्थ खोटा आहे, आणि एका जातीच्या कर्करोगात तो प्राणावर बेततो.

या जातीला दाहक स्तनकर्करोग असे नाव आहे. हा विरळा आहे. अमेरिकेतल्या नोंदींप्रमाणे स्तनाच्या दर शंभर कर्करोगांत एक ते पाच या जातीचे असतात. ट्युनिशिया आणि इजिप्त या देशांत त्याचे प्रमाण अधिक आढळले आहे. इतर स्तनकर्करोगांच्या मानाने तो कमी वयाच्या स्त्रियांत दिसतो. क्वचित पुरुषांतही होतो. संख्येने थोडा असला तरी मृत्यूंमधला त्याचा वाटा संख्येच्या मानाने मोठा आहे. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी चार्ल्स बेल या ब्रिटिश शल्यवैद्याने लिहून ठेवले होते, की स्तनाची कातडी जांभळट होऊन दुखू लागली तर ते लक्षण चांगले नव्हे. पुढे १९२४ साली ली आणि टॅनेनबॉम या दोन अमेरिकन डॉक्टरांनी न्यूयॉर्कच्या मेमोरियल रुग्णालयातील २८ रुग्णांची हकीकत प्रसिद्ध केली, आणि तेव्हापासून या रोगाचे हे नाव रूढ झाले. गंमत अशी की नाव दाहाचे असले तरी खरा दाह तेथे नसतो. तो नुसता दाहासारखा दिसतो, आणि या सोंगामुळेच घात होतो.

हे सोंग कसे वठते, ते समजून घेतले पाहिजे. आपल्या शरीरात रक्तवाहिन्यांखेरीज बारीक नळ्यांचे आणखी एक जाळे आहे. पेशींच्या आसपास साठणारे पातळ पाणी, म्हणजे लसीका, गोळा करून परत रक्तात नेऊन सोडण्याचे काम हे जाळे करते. स्तनाच्या कातडीतल्या अशा नळ्या मुख्यतः काखेतल्या ग्रंथींकडे जातात. नेहमीच्या कर्करोगात बिघडलेल्या पेशी एके ठिकाणी वाढून त्यांचा गोळा बनतो, आणि तो हाताला लागतो. या जातीत त्या बहुधा गोळा न होता सांडलेल्या पिठासारख्या स्तनभर पसरतात आणि कातडीतल्या या नळ्यांत जाऊन त्या बुजवून टाकतात. पावसाळ्यात गटार तुंबले की पाणी रस्त्यावर येते. तसेच येथे घडते. लसीकेला वाट उरत नाही, कातडी फुगते, जड होते, लालसर होते. जेथे कातडी आतल्या धाग्यांनी आणि केसांच्या मुळांनी खाली बांधलेली असते तेथे ती फुगू शकत नाही. म्हणून बारीक बारीक खळगे पडून ती संत्र्याच्या सालीसारखी दिसू लागते. डॉक्टर ज्या खुणेला महत्त्व देतात ती हीच.

आता खुणा क्रमाने सांगतो. एक स्तन दुसऱ्यापेक्षा थोड्याच आठवड्यांत मोठा आणि जड वाटू लागतो. त्यावर लाली येते, आणि ही लाली पसरत जाऊन स्तनाचा तिसरा हिस्सा किंवा त्याहून अधिक भाग व्यापते. आपल्याकडच्या सावळ्या कातडीवर ती लाल दिसेलच असे नाही. जांभळट, काळपट किंवा मुका मार लागल्यासारखी दिसते, म्हणून रंग शोधताना फसू नये. हात लावला तर तो भाग उजव्या-डाव्यात अधिक गरम लागतो. कातडी जाड होते, खळगे पडतात. बोंड आत ओढले जाते किंवा चपटे होते. दुखते, ठणकते किंवा नुसतीच खाज सुटते. काखेत किंवा गळपट्टीच्या हाडाजवळ गाठी लागतात. या साऱ्या खुणा एकाच बाईत दिसतील असे नाही. पण एक गोष्ट सर्वांत सारखी असते, ती म्हणजे वेग. सारा प्रकार काही आठवड्यांत, फार तर तीन ते सहा महिन्यांत घडून येतो. वर्षानुवर्षे वाढलेली गाठ शेवटी कातडीवर फुटते तो प्रकार वेगळा.

आता लाल, गरम, सुजलेला आणि ठणकणारा स्तन पाहून कोणालाही काय वाटेल? अंगावर पाजणारी बाई असेल तर दूध साकळले, थान पिकले, असे घरातली वडीलधारी बाई म्हणेल. डॉक्टरांनाही जंतूंची बाधा झाली असेल असेच प्रथम वाटते, आणि बहुतेक वेळा ते खरेही असते. पाजणाऱ्या स्त्रियांत अशी बाधा पुष्कळ होते. ताप येतो, औषधाने चार दिवसांत उतार पडतो, आणि प्रकरण मिटते. म्हणून अशी सूज दिसली की लगेच कर्करोगाचे नाव घेऊन घर घाबरवून सोडावे, असे मी मुळीच म्हणत नाही. मी म्हणतो ते एवढेच, की औषधाला मुदत घालून द्यावी. जंतुनाशक औषध आठवडाभर, फार तर दहा दिवस घेऊनही सूज आणि लाली पूर्णपणे गेली नाही, तर दुसरे तसलेच औषध सुरू करून आणखी दिवस घालवू नयेत. तपासणीसाठी तज्ज्ञाकडे जावे. या रोगाचा अभ्यास करणाऱ्या निरनिराळ्या देशांतील डॉक्टरांनी एकत्र बसून जो सल्ला तयार केला आहे त्याचाही रोख हाच आहे. जी बाई पाजत नाही, जिची पाळी जाऊन वर्षे लोटली आहेत, तिच्या स्तनाला जंतूंची बाधा होणे मुळात कमी; तेव्हा तिने तर अधिकच सावध असावे. आणि पाजणाऱ्या बाईलाही हा रोग होऊ शकतो, हे विसरू नये. मुदत ओलांडल्यावर त्याच त्या गोळ्या देत राहणे म्हणजे रोग रेड्याला आणि औषध पखालीला.

तपासणी म्हणजे काय, तेही सांगतो, कारण तेथेही एक फसगत होते. स्तनाचा क्ष-किरण फोटो, म्हणजे मॅमोग्राफी, आणि सोनोग्राफी या दोन्ही केल्या जातात व त्या कराव्यात. पण या जातीत गोळा नसल्यामुळे फोटोत स्पष्ट असे काही दिसेलच असे नाही. नुसती कातडी जाड झालेली दिसते. 'फोटोत गाठ नाही' हा निरोप घेऊन बाई घरी येते, घरचे सुटकेचा श्वास टाकतात, आणि आणखी एक महिना जातो. खरा निकाल बायॉप्सीनेच लागतो. सुईने स्तनातला आणि आवश्यक तेव्हा सुजलेल्या कातडीतला बारीकसा तुकडा काढून तो सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. तुकडा काढल्याने रोग पसरतो, ही आपल्याकडची समजूत निराधार आहे. उलट त्याच तुकड्यावरून कोणत्या औषधाचा उपयोग होईल तेही ठरते.

येथे कोणी विचारील, की सर्व स्त्रियांची ठरावीक काळाने तपासणी केली तर हा रोग लवकर सापडणार नाही का? या प्रश्नाचे उत्तर देताना मला दोन मोठे प्रयोग आठवतात. दोन्ही कामगार वस्तीतले आहेत, म्हणून मी ते आवडीने वाचले.

पहिला मुंबईचा. गिरण्यांच्या परळ भागात १९४१ साली उघडलेल्या टाटा स्मारक रुग्णालयाने १९९८ पासून मुंबईच्या झोपडवस्त्यांत ३५ ते ६४ वयाच्या १ लाख ५१ हजार ५३८ स्त्रियांची पाहणी केली. निम्म्या वस्त्यांत प्रशिक्षण दिलेल्या आरोग्यसेविका दर दोन वर्षांनी, अशा चार वेळा, हातांनी स्तनांची तपासणी करीत आणि खुणा समजावून सांगत. महागडे यंत्र नाही, तपासणीला डॉक्टर नाही. वीस वर्षांनंतर, २०२१ साली, निकाल प्रसिद्ध झाला. तपासणी झालेल्या वस्त्यांत ज्यांना रोग निघाला त्यांपैकी ३७ टक्के स्त्रियांचा रोग तिसऱ्या किंवा चौथ्या पायरीवर होता. इतर वस्त्यांत तेच प्रमाण ४७ टक्के होते. पन्नाशी ओलांडलेल्या स्त्रियांत मृत्यू सुमारे ३० टक्क्यांनी कमी झाले. पन्नाशीच्या आतल्या स्त्रियांत मात्र तसा निश्चित फरक दिसला नाही.

दुसरा प्रयोग शांघायचा. तेथील ५१९ कापड कारखान्यांशी संबंधित २ लाख ६६ हजारांवर स्त्रियांना १९८९ ते १९९१ या काळात पाहणीत घेतले. निम्म्या कारखान्यांतील स्त्रियांना स्वतःच्या हाताने दर महिन्याला स्तन तपासण्याचे रीतसर शिक्षण दिले आणि त्याची पुनःपुन्हा उजळणी करून घेतली. २००२ साली शेवटचा हिशेब मांडला, तेव्हा शिकविलेल्या गटात स्तनाच्या कर्करोगाचे १३५ मृत्यू आणि न शिकविलेल्या गटात १३१ मृत्यू निघाले. म्हणजे महिन्याच्या त्या कवायतीने मृत्यू कमी झाले नाहीत. निरुपद्रवी गाठी तेवढ्या अधिक सापडल्या.

या दोन प्रयोगांवरून मी काय घ्यावे? पहिला सांगतो, की थोडे शिक्षण मिळालेली वस्तीतली बाईही नेहमीच्या कर्करोगाला लवकर गाठू शकते. तेव्हा अशा तपासण्या झाल्याच पाहिजेत. दुसरा सांगतो, की नुसती कवायत पुरत नाही. आणि आपल्या आजच्या रोगाच्या बाबतीत तर दोन्हीकडून एकच गोष्ट ध्यानात येते. दोन वर्षांनी येणारी तपासणी हा रोग पकडू शकत नाही, कारण तो दोन तपासण्यांच्या मधल्या काळात आठवड्यांच्या हिशेबाने येतो. गाठ शोधणारी बोटेही तो चुकवतात, कारण गाठच नसते. त्याला पकडणारी गोष्ट एकच आहे. त्या बाईला आणि तिच्या घराला खूण माहीत असणे, आणि खूण दिसली की दिवस न घालवता दवाखान्याची पायरी चढणे.

'लवकर' या शब्दाचा अर्थ येथे नीट समजून घ्यावा. कर्करोगाच्या चार पायऱ्या मानतात. दाहक स्तनकर्करोगाला पहिली आणि दुसरी पायरी नसतेच. कातडी व्यापलेली असल्यामुळे तो सापडतो तेव्हाच निदान तिसऱ्या पायरीवर असतो. सुमारे तिघींत एकीच्या बाबतीत तो तोवर फुप्फुस, यकृत, हाडे अशा दूरच्या अवयवांत गेलेला, म्हणजे चौथ्या पायरीवर पोहोचलेला असतो. तेव्हा या रोगात लवकर म्हणजे तिसऱ्या आणि चौथ्या पायरीच्या मध्ये हाती असलेले थोडे आठवडे. त्या आठवड्यांची किंमत अमेरिकेतल्या नोंदींवरून कळते. रोग स्तन आणि जवळच्या ग्रंथींपुरता असताना सापडला तर निदानानंतर पाच वर्षांनी जवळपास निम्म्या स्त्रिया हयात असतात. दूर पसरल्यावर सापडला तर पाचांत एक.

उपचाराविषयी थोडक्यात सांगतो. पूर्वी नुसती शस्त्रक्रिया करीत असत, तेव्हा पाच वर्षे जगणाऱ्या स्त्रिया शंभरांत पाचही नसत. १९७० नंतरच्या काळात क्रम बदलला. आता प्रथम शिरेतून औषधे, म्हणजे किमोथेरपी, देऊन सूज आणि रोग मागे हटवितात; मग स्तन व काखेतल्या ग्रंथी काढतात; आणि त्यानंतर किरणोपचार करतात. तुकड्याच्या तपासणीत विशिष्ट प्रथिन आढळले तर त्यावर नेमके काम करणारे ट्रास्टुझुमॅबसारखे औषधही देतात. हा क्रम महत्त्वाचा आहे. घाईने कोठेतरी चीर देऊन 'गळू' फोडून घेणे किंवा आधीच शस्त्रक्रिया करून मोकळे होणे, हे या रोगात हिताचे नाही. आणि उपचार कित्येक महिने चालतात, याची घराने तयारी ठेवली पाहिजे.

आता मी माझ्या मूळ विषयाकडे, म्हणजे दिवसांकडे येतो. आपण एक हिशेब मांडून पाहू. शिलाईच्या कारखान्यात नगावर मजुरी घेणारी चाळीस वर्षांची बाई आहे असे समजा. तिला एक बाजू जड वाटते. पहिला आठवडा हळदीच्या लेपात जातो. दुसऱ्या आठवड्यात माल निघायचा असतो, मुकादम खाडा होऊ देत नाही. तिसऱ्या आठवड्यात ती गल्लीतल्या डॉक्टरांकडे जाते. लाजेने नीट दाखवीत नाही, 'छातीत ठणकते' एवढेच सांगते. पाच दिवसांच्या गोळ्या मिळतात. थोडे बरे वाटते, म्हणून आणखी पंधरा दिवस जातात. मग दुसरे डॉक्टर, दुसऱ्या गोळ्या, वर लावायला मलम. मग सोनोग्राफी, त्यासाठी पैसे जमेपर्यंत पगाराची वाट. 'गाठ नाही' हा निरोप. मग दिवाळी. मोठ्या रुग्णालयात जायचे तर एक दिवसाची मजुरी, गाडीभाडे, बरोबर येणाऱ्याचाही खाडा. असे करता करता तीन महिने होतात. या हिशेबात कोणीही दुष्ट नाही. प्रत्येकाने आपल्या परीने थोडे थोडेच दिवस घेतले. पण बेरीज झाली ती रोगाच्या पदरात पडली.

आपल्या भाषेत 'दुखणे अंगावर काढणे' असा शब्दप्रयोग आहे, आणि कष्टकरी बाईच्या बाबतीत आपण तो कौतुकाने वापरतो. ताप अंगावर काढला, बाळंतपणानंतर चौथ्या आठवड्यात कामावर आली, म्हणून तिची वाखाणणी होते. हे कौतुक आपण बंद केले पाहिजे. बाई दुखणे अंगावर काढते ते बहुधा धैर्यामुळे नव्हे. खाडा परवडत नाही म्हणून काढते. इटलीतील रामाझ्झिनी नावाच्या वैद्याने १७०० साली कामगारांच्या आजारांवर ग्रंथ लिहिला, आणि त्यात वैद्यांना सांगितले, की रोग्याला इतर प्रश्नांबरोबर 'तू काम काय करतोस?' हाही प्रश्न विचारीत जा. मी त्यात माझ्या अनुभवाने एक प्रश्न जोडतो: 'आज येथे आल्याने तुझी किती मजुरी बुडाली?' हा प्रश्न विचारला तर बाई उशिरा का आली ते कळेल, आणि ती पुन्हा येईल की नाही तेही कळेल.

यावर उपाय आहेत. १९४८ च्या कायद्याने आलेल्या कर्मचारी राज्य विमा योजनेत नाव असलेल्या कामगाराला, वर्गणीच्या अटी पुऱ्या असतील तर, आजारपणात मजुरीच्या ७० टक्के भत्ता वर्षातून ९१ दिवसांपर्यंत मिळतो. आणि कर्करोगासारख्या यादीतल्या दीर्घ आजारांत ८० टक्के दराने तो दोन वर्षांपर्यंत वाढवून मिळू शकतो. महाराष्ट्रात महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेत कर्करोगाच्या शस्त्रक्रिया, औषधोपचार आणि किरणोपचार यांचा समावेश आहे. हे हक्क आपल्या घरातल्या, शेजारच्या, धुणेभांडी करणाऱ्या, विड्या वळणाऱ्या बाईला माहीत आहेत का, हे विचारून पाहा. पण उपचाराचा खर्च देणारी योजना घरातून निघेपर्यंतचे आठवडे परत देत नाही. ते आठवडे वाचविण्यासाठी तपासणीच्या दिवसाची मजुरी कापली जाऊ नये, ही मागणी संघटनांनी पगारवाढीच्या मागणीइतक्याच जोराने पुढे मांडली पाहिजे. आणि ज्या मालकांकडे दहा-वीस बायका कामाला आहेत, त्यांतले काही या सभेतही बसले असतील. त्यांनी एका दिवसाच्या मजुरीचा हिशेब एका जिवाशी लावून पाहावा.

पुरुषांना एक शब्द सांगतो. हा विषय बायकांचा म्हणून आज अनेकजण चुळबुळ करीत असतील. परंतु घरात पैसा कोणाच्या हातात असतो, दवाखान्यात जायचे की नाही हे कोण ठरवितो, आणि बाई रुग्णालयात असताना चूल कोण पेटवितो, हे प्रश्न पुरुषांचेच आहेत. 'होईल बरे' हे आपले दोन शब्द घरात फार महाग पडतात.

सांगायचे ते सारे आटोपशीर लक्षात ठेवता येईल असे आहे. एका स्तनाला काही आठवड्यांत सूज, जडपणा, रंगात बदल, ऊब किंवा संत्र्याच्या सालीसारखे खळगे दिसले, तर गाठ असो वा नसो, डॉक्टरांना स्पष्ट दाखवावे. औषध दिले तर तारीख लिहून ठेवावी. दहाव्या दिवशी सूज पूर्ण गेलेली नसेल तर 'बायॉप्सी करायला हवी का?' हा प्रश्न न लाजता विचारावा, आणि जेथे ती होते तेथे जावे. बहुतेक वेळा कर्करोग निघणार नाही, आणि तो निघाला नाही तर एक दिवसाची मजुरी गेली म्हणून कोणी हळहळू नये. घरी गेल्यावर हे एवढे आपल्या घरातल्या स्त्रियांना सांगा, आणि ज्या बायकांना संध्याकाळी व्याख्यानाला येण्याइतकी उसंत नाही त्यांना तर आवर्जून सांगा.